निकामी ठरवलेलं घर

घर आवरायचं आणि त्यासाठी एक पैसाही खर्च करायचा नाही, असं मी ज्या क्षणी ठरवलं, त्या क्षणी मला कुणीतरी खुर्चीला बांधून ठेवायला हवं होतं. बायकोने ते केलं नाही. (ती म्हणते, खुर्ची रिकामी नव्हती. तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता.)

निमित्त अगदी क्षुल्लक होतं. सकाळी उठून अनवाणी स्वयंपाकघराकडे निघालो होतो आणि वाटेत प्लॅस्टिकचा एक चौकोनी ठोकळा टाचेखाली आला. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांना ती कळ मी सांगायला नको, आणि ज्यांच्या घरी नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. मी एका पायावर उडी मारली आणि दुसरा पाय टेकला तो चावीच्या बेडकावर. बेडूक ओरडला. मीही ओरडलो. दोघांत कुणाचा आवाज मोठा होता, यावर आमच्या घरात अजून वाद आहे.

"अगं, हे काय घर आहे?" मी जमिनीवर बसूनच विचारलं.

"हो," बायको आतून म्हणाली. "आणि त्यात दोन मुलं राहतात."

बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर लोकांच्या खोकल्यांची वर्णनं ऐकून ती घरी येते, त्यामुळे घरात ती मोजकंच बोलते. पण जे बोलते ते लागू पडतं.

दोन मुलं म्हणजे थोरली लेक, वय साडेपाच, जिला आम्ही लाडाने ठकी म्हणतो, आणि धाकटा, वय तीन, ज्याला अख्खी इमारत भोंगा म्हणते. (त्याला हे नाव कुणी ठेवलं ते माहीत नाही, पण ठेवणाऱ्याने एकदाच त्याचं रडणं ऐकलेलं असावं.) या दोघांचं सामान आमच्या घरात सगळीकडे असतं. डब्यात पेन्सिली, बुटात गोट्या, माझ्या उशीखाली बाहुलीचा एक हात. बाकीची बाहुली कुठे आहे, हे विचारायची मला कधी हिंमत झाली नाही.

आता मी पडलो स्टोअरकीपर. पंपांच्या कारखान्यात सुट्या भागांचं स्टोअर माझ्याकडे आहे. एकेका रॅकला चाळीस चाळीस खण, खणाखणाला चिठ्ठी. डोळे मिटून हात घातला तरी हवा तो वॉशर हातात येतो, अशी माझी ख्याती आहे. (एकदा साहेबांसमोर हे करून दाखवायला गेलो आणि हातात उंदीर आला, तो भाग वेगळा.) असा माणूस स्वतःच्या घरात बेडकावर पाय देऊन पडतो, हे माझ्या फार जिव्हारी लागलं.

मग मी फोनवर व्हिडिओ पाहायला लागलो. एक गोड आवाजाची बाई होती. ती रिकाम्या खोक्यांपासून, जुन्या पडद्यांपासून, दुधाच्या पुठ्ठ्यापासून काहीही करायची. कात्री चालवताना हसायची, डिंक लावताना हसायची. दहा मिनिटांत भिंतीशी सुंदर खणांचं कपाट उभं राहायचं, आणि वर म्हणायची, "खर्च शून्य!" तिच्या पांढऱ्याशुभ्र घरात मुलं मात्र कधी दिसली नाहीत. खरं म्हणजे मला तिथेच शंका यायला हवी होती. पण माझ्या डोक्यात तोवर खण शिरले होते.

खण करायचे तर पुठ्ठा हवा. आणि पुठ्ठा आमच्या घरातच होता.

वॉशिंग मशीन आलं तेव्हा त्याचं खोकं बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी राहिलं होतं, आणि मुलांनी त्याचं घर केलं होतं. एका बाजूला भोक पाडून दार. आत एक उशी, दोन बाहुल्या, एक रिकामी बाटली. एका कोपऱ्यावर पाणी सांडून पुठ्ठा फुगलेला. संध्याकाळी मी कारखान्यातून आलो, बूट काढले, की आतून हाक यायची, "बाबा, घरी ये!" म्हणजे घरी आल्यावर मला पुन्हा घरी जावं लागायचं. मी गुडघ्यांवर रांगत जायचो. कमरेपर्यंतचा मी आत, उरलेला मी बाहेर. ठकी बाटलीच्या झाकणातून मला चहा द्यायची आणि भोंगा माझ्या पाठीवर बसायचा. गुडघे दुखायचे, मान अवघडायची. दोन घोट घेतले, की मी काहीतरी कारण काढून मागे सरकायचो.

किती वेळा सरकलो असेन! आता आठवलं की माझाच मला राग येतो. काय घाई होती? बाहेर येऊन मी काय करायचो, तर फोनवर त्या बाईचे व्हिडिओ बघायचो.

मी एक दिवस रजा टाकली. सकाळी मुलं शाळेच्या गाडीत बसली, बायको कामाला निघाली. दारात चपला घालताना तिने माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या कटरकडे पाहिलं.

"काय करताय?"

"सरप्राइज आहे."

"त्या खोक्याला हात लावणार असाल तर ठकीला विचारून लावा."

"अगं, साडेपाच वर्षांच्या पोरीला काय विचारायचं? आणि मी त्यांच्यासाठीच करतोय ना!"

"विचारून करा," ती म्हणाली आणि गेली. तिला उशीर होत होता. नाहीतर तिने कटर सोबत नेला असता.

आता आमच्या स्टोअरची एक पद्धत सांगतो, म्हणजे माझं डोकं कसं चाललं ते कळेल. कुठलाही माल निकामी ठरवायचा तर तीन जणांची समिती लागते. एक माल तपासतो, एक शेरा मारतो, एक मंजुरी देतो. मी खोक्याभोवती फेरी मारली. तपासणी: माल फाटका, एका कोपऱ्यात ओल, आतून-बाहेरून पेन्सिलीने रेघोट्या मारलेल्या. शेरा: सकाळपासून कुणीही वापरलेला नाही. (वापरणारे शाळेत होते, हे समितीच्या लक्षात आलं नाही.) मंजुरी: दिली. समितीचे तिन्ही सदस्य मीच असल्यामुळे कामकाज फार सुरळीत झालं.

आणि मी घर कापलं.

कापताना काही वाटलं का? नाही हो! शीळ घालत होतो मी. उशी आणि बाहुल्या बाजूला काढल्या, चारही भिंती सरळ केल्या, पट्टीने रेघा आखल्या आणि खटाखट तुकडे पाडले. रेघोट्यांची बाजू आत वळवली, वरून जुन्या निळ्या पडद्याचं कापड डिंकाने चिकटवलं. दुपारपर्यंत भिंतीशी खणांचं कपाट उभं राहिलं. एकेक खण असा, की आमच्या साहेबांनी पाठ थोपटावी. मग चिठ्ठ्या लिहिल्या. मोजे. ठोकळे. बाहुल्या व बाहुल्यांचे अवयव. चाके असलेली खेळणी. चाके नसलेली खेळणी. पूर्वी चाके असलेली खेळणी. शेवटी, कुठेच बसत नाही त्यासाठी एक खण, 'संकीर्ण'. सामान भरल्यावर असं दिसलं की बाकीचे खण निम्मे रिकामे आणि संकीर्ण दाबूनही बंद होत नाही.

सगळ्या चिठ्ठ्या चिकटवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की मुलांना वाचता येत नाही. म्हणून मी प्रत्येक चिठ्ठीखाली चित्र काढलं. मोज्याचं चित्र हत्तीच्या सोंडेसारखं आलं. पण हत्तींचा वेगळा खण नसल्यामुळे घोटाळा होणार नाही, असं मी स्वतःला समजावलं.

दुपारी गाडीचा हॉर्न वाजला. मी दारात उभा.

"डोळे मिटा!"

दोघांनी मिटले. भोंग्याने तोंडही मिटलं, जे सहसा घडत नाही. दोघांचा एकेक हात धरून मी त्यांना आत आणलं आणि कपाटासमोर उभं केलं.

"उघडा!"

ठकीने डोळे उघडले. कपाटाकडे पाहिलंच नाही. तिने आधी खिडकीकडे पाहिलं, जिथे आता फक्त स्वच्छ फरशी होती.

"बाबा, घर कुठंय?"

"हे बघ की! सगळं घर आवरलं!"

"हे नाही. आमचं घर."

"अगं, ते ह्यातच आहे," मी हसत म्हणालो. (हा माझ्या आयुष्यातला सर्वांत अवेळी केलेला विनोद होता, आणि मी लग्नात उखाणा विसरलेला माणूस आहे.) "त्याचंच तर हे सगळं केलं!"

भोंगा पडद्यामागे बघून आला. दाराआड बघून आला. टेबलाखाली बघून आला. मग खोलीच्या मधोमध उभा राहिला, एक मोठा श्वास घेतला आणि सुरू झाला. खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला.

ठकी रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने दप्तर खाली ठेवलं, कपाटापाशी बसली आणि एकेक खण ओढून आत पाहू लागली. मोज्यांच्या खणातले मोजे तिने बाहेर काढले. तळाशी पेन्सिलीने काढलेला एक चौकोन होता आणि त्यात एक ठिपका.

"हे आमचं लाइटचं बटण," ती म्हणाली.

भोंग्याचं रडणं थांबलं. तो आला, वाकून त्याने बटण दाबलं, वर पाहिलं, आणि पुन्हा सुरू झाला.

ठोकळ्यांच्या खणात नळ निघाला. बाहुल्यांच्या खणात निम्मं घड्याळ. मी ज्यांना रेघोट्या म्हणत होतो, ते या पोरांचं अख्खं घरदार होतं. खिडकी होती, खिडकीतून दिसणारं झाड होतं, झाडावर कोण जाणे काय होतं, पण त्याला पाय होते. महिनोन्महिने मी त्या खोक्यात डोकं घालत होतो आणि मला यातलं काही दिसलं नव्हतं. दिसणार कसं? मी आत गेलो की बाहेर कसं पडायचं तेच बघत असे.

मग तिला एक वाकडी रेघ सापडली. तिने शेजारचा खण काढला, उलटा केला. रेघेचा दुसरा तुकडा त्यात होता. दोन्ही खण तिने शेजारी शेजारी धरून पाहिले.

"ही खुंटी होती," ती म्हणाली. "तुझ्या पिशवीची. तू घरी येतोस ना, तेव्हा अडकवायला."

मी तिच्या शेजारी फरशीवर बसलो. माझ्या पोरीने माझ्यासाठी भिंतीवर खुंटी ठोकली होती, आणि मी पट्टीने आखून ती बरोबर मधून कापली होती.

संध्याकाळी बायको आली. तिने कपाट पाहिलं, खिडकी पाहिली, टेबलाखाली बसलेली दोन्ही मुलं पाहिली. मग मोज्याच्या चित्राकडे पाहून म्हणाली, "हा हत्ती का?" आणि ती स्वयंपाकघरात गेली. त्यापेक्षा ती चिडली असती तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून आलो, बूट काढले. सवयीने कान टवकारले. हाक आली नाही. मी मुद्दाम खोकलो. मग खुर्ची सरकवली. मुलं टेबलाखाली बाहुल्या घेऊन हळू आवाजात काहीतरी खेळत होती. मी वाकून पाहिलं तर ठकी म्हणाली, "काय हवंय बाबा?" अगदी नीट, अगदी शहाण्यासारखं. बँकेतल्या काउंटरवर विचारतात तसं. मी "काही नाही" म्हणालो आणि खुर्चीत बसलो. गुडघे अजिबात दुखत नव्हते. मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

असेच आठ-दहा दिवस गेले. मला एवढंच हवं होतं की कुणीतरी मला 'घरी ये' म्हणावं. मग मी ठरवलं, नवीन घर आणायचं. (ठरवण्याची माझी खोड अजून गेली नव्हती.)

विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो.

"मोठं खोकं हवंय."

"फ्रिजचं?" दुकानदार म्हणाला.

"कशाचंही. मोठं असलं की झालं."

"आणि आत काय देऊ?"

"आत काही नको."

त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "साहेब, आतलं नको म्हणणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतोय."

शेवटी त्याने गोदामातून फ्रिजचं रिकामं खोकं काढून दिलं. मी ते डोक्यावर उलटं घेऊन निघालो. समोरचं काही दिसत नव्हतं. वाटेत एका गृहस्थांना धडकलो आणि दोनदा माफी मागितली. काही उत्तर येईना, म्हणून खोकं वर करून पाहिलं तर तो विजेचा खांब होता.

इमारतीच्या दारात पेन्शनर काका खुर्ची टाकून बसलेले असतात. येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी हे त्यांचं निवृत्तीनंतरचं काम.

"वा! नवीन फ्रिज?"

"नाही काका, नुसतं खोकं आहे."

"मग फ्रिज मागून येतोय?"

"फ्रिज येत नाहीये."

"अरेरे, मग खोकं आधी कशाला आणलंत?"

"काका, हे रिकामं आहे हो!"

"असतोच सुरुवातीला रिकामा," काकांनी मला धीर दिला. "संसार आहे, भरतो हळूहळू. येतो मी बघायला."

मी त्या खोक्यात जीव ओतला. मोजमाप घेऊन दार कापलं, दाराला कापडी पट्टीच्या बिजागऱ्या लावल्या. दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर खिडक्या. आत पट्टी लावून काळ्या स्केचपेनाने बटण काढलं, नळ काढला, घड्याळ काढलं, त्यात बाराच्या बारा आकडे. आणि एक खुंटी. शनिवारी दुपारी मुलांना बोलावलं. या वेळी डोळे मिटायला सांगितलं नाही.

ठकीने आत डोकावून पाहिलं. बोट फिरवलं. मग म्हणाली, "छान आहे." आमच्या सासूबाई मी आणलेल्या भेटवस्तूला म्हणतात, अगदी तोच सूर. हा सूर पोरीत कुठून उतरला ते मला कळलं.

भोंग्याने बटण दाबलं. वर पाहिलं. पुन्हा दाबलं.

"लागत नाही."

"लागला की रे! बघ किती उजेड पडला!"

"नाही लागत," तो म्हणाला, आणि दोघं पुन्हा टेबलाखाली गेली.

मी विचार केला, आपण आत जाऊन बसलो तर त्यांना गंमत वाटेल. म्हणून शिरलो. फ्रिजचं खोकं, त्यामुळे मी सबंध मावलो. दार ओढून घेतलं. आतून हाका मारल्या, "अरे, किती मोठं घर आहे! कोण येतंय माझ्याकडे?" कुणी आलं नाही. मी गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिलो. समोर माझंच घड्याळ होतं, त्यात कायमचे दहा वाजून दहा मिनिटं झालेली. आपण काढलेल्या खुंटीला आपलीच पिशवी अडकवावी, असं एकदा मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात बाहेर बायकोचा आणि आणखी कुणाचा तरी आवाज आला, पावलं जवळ आली, आणि खोक्याचं दार उघडलं. बाहेर पेन्शनर काका वाकून उभे होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"फ्रिज बघायला आलो होतो," काका म्हणाले.

"या," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"गार होतंय का?"

"नाही काका."

"मग गॅरंटीत असेल तर परत करा," असं म्हणून त्यांनी दार अलगद लावून घेतलं. बायकोला जाता जाता त्यांनी हळूच काहीतरी विचारलं. ती "नाही, अधूनमधून होतं असं" म्हणाल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

थोड्या वेळाने तिनेच दार उघडलं. आत येऊन माझ्या शेजारी बसली. जागा होती.

"मी ठकीला विचारायला हवं होतं," मी म्हणालो.

"हो."

"तू सांगितलं होतंस."

"हो."

"आता काय करू?"

"आता विचारा," बायको म्हणाली.

मी खोक्यातून निघालो तो सरळ टेबलाखाली गेलो. डोकं आपटलं. ते एक बरं झालं, कारण भोंगा हसला. ठकी हसली नाही.

"ठके, माझं चुकलं," मी म्हणालो.

"मला माहितेय."

"मला तुमचं घर परत उभं करायचंय. पण मला ते येत नाही गं. हे मी केलेलं घर बघितलंस ना, त्यात लाइटसुद्धा लागत नाही. तू सांगशील का कसं करायचं?"

तिने आधी बाहुलीचे केस नीट केले. मी आयुष्यात दोन-तीन मुलाखती दिल्यात, पण समोरच्याच्या तोंडाकडे इतकं टक लावून कधी पाहिलं नव्हतं.

"तू सामान देतोस ना कारखान्यात?" तिने विचारलं.

"हो."

"मग तू नुसतं सामान दे. बांधायचं नाही."

मी कबूल झालो. माझं निळं कपाट मीच उचकटलं. कापड सोलून काढलं, खण मोडले, तुकडे सपाट करून खिडकीपाशी रचून ठेवले. मोजे, ठोकळे, पूर्वी चाके असलेली खेळणी, सगळं पुन्हा जमिनीवर आलं. मग मी चिकटपट्टीचे तुकडे फाडून दहाही बोटांना लावले आणि हात पसरून उभा राहिलो. ठकी मागेल तेव्हा एक बोट पुढे करायचं, एवढंच माझं काम. मध्ये एकदा न राहवून म्हणालो, "अगं, ही भिंत जरा तिरकी जातेय." तिने नुसतं पाहिलं. मी बोट पुढे केलं.

संध्याकाळपर्यंत घर उभं राहिलं. बटण जमिनीजवळ आलं होतं, नळ छताला लागला होता, झाड आडवं झालं होतं. खुंटीचे दोन तुकडे नीट जुळले नाहीत. मी ते बघतोय हे ठकीच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "असू दे. पिशवी तिरकी राहील." मला एकदम भरून आलं आणि दोन्ही हात चिकटपट्टीने भरलेले असल्यामुळे डोळेही पुसता येईनात.

भोंगा आत शिरला. बटण दाबलं.

"लागला!"

मी गुडघे टेकून बाहेर वाट बघत राहिलो. मी पाडलेल्या तुकड्यांमध्ये पुठ्ठा बराच वाया गेल्यामुळे घर आता पहिल्यापेक्षा लहान झालं होतं आणि दार तर फारच अरुंद. आधी आईला बोलावणं झालं. तिने डोकं घातलं, झाकणातून चहा घेतला आणि बाहेर आली. मग बाहुल्या गेल्या. मग आत काहीतरी कुजबुज झाली. आणि मग, किती दिवसांनी, तो आवाज आला.

"बाबा, घरी ये!"

मी काही विचार केला नाही हो! मी मुसंडी मारली. डोकं गेलं, एक खांदा गेला, मग श्वास रोखून दुसरा खांदा गेला. आता कमरेपर्यंत मी आत होतो. ठकीने झाकण माझ्या ओठांना लावलं. मी तो चहा अगदी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो, आणखी मागितला, तोही प्यायलो. कुठलंही कारण काढलं नाही. जगात माझ्याइतका सुखी माणूस नव्हता.

अर्ध्या तासाने जेवायला वाढल्याची हाक आली आणि मी मागे सरकायला गेलो. सरकेना. पुढे सरकून पाहिलं, तेही जमेना. दोन्ही खांदे दाराच्या आत घट्ट अडकले होते. जरा जोर केला तशी भिंत कुरकुरली आणि भोंग्याने श्वास भरून घेतला.

बाहेरून बायकोचा आवाज आला, "थांबा, कात्री आणते. दाराची कड जराशी कापली की निघाल."

"कापायचं नाही!" मी ओरडलो. आतून ओरडल्यामुळे ते सगळ्यांत जास्त मलाच ऐकू आलं. पण ठकीने माझ्याकडे पाहिलं, आणि घर कापलं त्या दिवसानंतर पहिल्यांदा ती मला बघून हसली. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. मी म्हटलं, चला, मिटलं एकदाचं.

"अहो, मग तुम्ही बाहेर येणार कसे?" बायकोने विचारलं.

"आई, बाबा बारीक झाला की येईल आपोआप," ठकी म्हणाली, छताचा पुठ्ठा उचलून वरून बाहेर पडली, आणि दोन पावलं जेवणाकडे जाऊन पुन्हा वळली. "तू फक्त त्याला वाढू नकोस."